आधी डबा, मग बालपण

तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडते. घाटकोपरच्या एका पॉलिक्लिनिकमध्ये तुम्ही आठवड्यातून दोन संध्याकाळी थेरपिस्ट म्हणून बसता. कळव्याला आईवडिलांबरोबर राहणारी, विक्रोळीला नोकरी करणारी २४ वर्षांची एक मुलगी तुमच्याकडे येते. गेली चार वर्षं ती रात्री भरमसाट खाते आणि मग उलटी काढते, म्हणजे तिला बुलिमिया आहे. तिला पंधरा दिवसांतून एकदाच यायला जमतं. पाच सेशन्स झाली. आईशी असलेलं नातं, शाळेत जाडेपणावरून झालेली चेष्टा, यावर चांगलं बोलणं झालं, ती रडली, तिला हलकं वाटलं. पण उलट्या कमी व्हायच्या सोडून वाढल्या. या आजारावरच्या उपचाराच्या पुस्तकात २० सेशन्स दिलीत, ती इथे कशी जमवायची आणि आपलं काही चुकतंय का, असं तुम्ही विचारलंय.

हो, चुकतंय. पण हीच चूक मीही केली आहे, आणि तुमच्यापेक्षा मोठी. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत दादरला माझ्याकडे एक मुलगी दर आठवड्याला यायची. तिचे वडील, त्यांचा राग, तिचं मोडलेलं लग्न, सगळं मला तोंडपाठ होतं. ती दुपारी काय जेवते हे मात्र मला माहीत नव्हतं. एक दिवस स्टेशनच्या पुलावर तिला चक्कर आली. लोकांनी बसवलं, पाणी दिलं, कुणीतरी घरी पोचवलं. रक्त तपासलं तर पोटॅशियम २.८. ते साधारण ३.५ ते ५ असावं लागतं, त्याहून असं खाली घसरलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तोपर्यंत मी एकदाही रक्त तपासायला सांगितलं नव्हतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा माझा उपचार चालला होता. त्या दिवसापासून माझ्या कामाचा क्रम बदलला आणि तोच क्रम तुम्हाला सांगणार आहे: आधी शरीर, मग दिवसभराचं खाणं, आणि मग बाकीचं आयुष्य.

शरीराचं लवकर उरकते, कारण ते आपलं काम नाही. पण ते करून घेणं आपलंच काम आहे. ज्या पेशंटला उलट्या आहेत किंवा जी जुलाबाच्या गोळ्या घेते, तिच्यासाठी पहिल्याच भेटीत फिजिशियनला चिठ्ठी द्या: इलेक्ट्रोलाइट्स (रक्तातले पोटॅशियमसारखे क्षार), किडनीच्या तपासण्या, ईसीजी. चक्कर, छातीत धडधड, पायांत गोळे, उलटीत रक्त, गरोदरपण, मधुमेहात मुद्दाम चुकवलेलं इन्सुलिन, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या सेशनपर्यंत थांबायचं नाही. आत्महत्येचे विचार आहेत का हेही स्पष्ट विचारा, बुलिमियात ते दुर्मीळ नाहीत. खर्च परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर या पालिकेच्या हॉस्पिटलांत मानसोपचार विभाग आणि बाकीचे डॉक्टर एकाच आवारात मिळतात. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिच्या फोनमध्ये तुमच्यासमोर सेव्ह करून द्या. दातांसाठी एक बारीक गोष्ट: उलटीनंतर लगेच ब्रश करू नये, आम्लाने मऊ झालेला दातांचा थर घासला जातो. चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरावी. हे सांगितल्यावर कितीतरी मुली पहिल्यांदा माझ्याकडे नीट वर बघतात. आपल्याला कुणी ओरडत नाहीये, हे त्यांना तेव्हा कळतं.

औषधाबद्दल: बुलिमियात फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाचा उपयोग होतो, पण ज्या डोसवर तो दिसून आलाय तो ६० मिलिग्रॅमचा आहे. नैराश्यासाठी नेहमी सुरू करतात त्या २०चा नव्हे. डोस सायकियाट्रिस्टच ठरवतील. तुम्ही एवढंच करा, की उलट्यांची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली आहे याची खात्री करा. नुसतं 'डिप्रेशन आहे' म्हणून पाठवलं आणि उलट्या लपल्या, तर बुप्रोपिऑन हे नैराश्यावरचं दुसरं औषध लिहून दिलं जाऊ शकतं. या पेशंटना ते देत नाहीत, फिट येण्याचा धोका वाढतो.

आता मुख्य गोष्ट. 'मला बुलिमिया आहे' असं म्हणत आपल्याकडे फार थोड्या जणी येतात. त्या येतात ॲसिडिटीच्या डॉक्टरकडून, केस गळतात म्हणून त्वचेच्या डॉक्टरकडून, पाळी अनियमित म्हणून, दातांच्या डॉक्टरकडून. जिमला जाणारे मुलगे तर त्याहून उशिरा येतात. घरात एखादी आजी 'हिला भस्म्या झालाय' म्हणते. तो शब्द इथे अर्ध्यावरच लागू पडतो. भस्म्याला भूक भागत नाही, एवढंच त्यात आहे. बुलिमियात भुकेला आधी दिवसभर दाबलेलं असतं. मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली लंडनला ३० पेशंटवरून या आजाराचं वर्णन केलं आणि त्याला नाव दिलं. त्या वर्णनातही नुसतं खाणं नव्हतं, जाड होण्याची विलक्षण भीती होती. पेशंटचे स्वतःचे शब्द ऐका: 'मी सुटते', 'हात थांबत नाही', 'मग काढून टाकते'. तेच शब्द वापरून सरळ विचारा, 'खाल्लेलं काढून टाकता का? दिवसातून किती वेळा?' पाळीबद्दल विचारावं तितक्याच शांत आवाजात. आपण अडखळलो तर ती लपवते.

मग डायरी. मी वही देत नाही. वही आईच्या हाती लागते. फोनमधल्या नोट्स, आणि धडधडीत शब्द लिहायची लाज वाटत असेल तर खुणा. अट एकच, खाल्लं की तेव्हाच लिहायचं. रात्री आठवून लिहिलेली डायरी म्हणजे कबुलीजबाब होतो, त्यातून शिकायला काही मिळत नाही. दोन-तीन जणींच्या डायऱ्या मिसळून, ओळख पटणार नाही अशा बेताने, एक दिवस दाखवते:

स. ६.५० अर्धा कप चहा. ९.३० काही नाही. १.१५ डबा उघडला, भाजी खाल्ली, पोळ्या मैत्रिणीला दिल्या. ४.०० काळी कॉफी. ८.५० एक पोळी, आई बघत होती म्हणून. ११.२० ओट्यापाशी उभी. दुपारचा भात, फरसाण, ब्रेड, लाडू. किती ते माहीत नाही. ११.५० काढलं. उद्यापासून फक्त सूप.

नवीन थेरपिस्टचं लक्ष ११.२०कडे जातं. पेशंटचंही तिथेच जातं, लाज तिथे आहे. मी बोट ठेवते ते शेवटच्या ओळीवर. 'उद्यापासून फक्त सूप' हे वाक्य म्हणजे उद्या रात्रीच्या ११.२०ची तयारी. आणि दुसरं बोट १.१५वर. मैत्रिणीला दिलेल्या त्या पोळ्या रात्री व्याजासकट परत मागितल्या गेल्या. ती इच्छाशक्ती कमी असल्यामुळे सुटली, असं तिला वाटतं. खरं म्हणजे सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत तिने जी इच्छाशक्ती खर्च केली ती तुमच्यामाझ्याकडे नसेल.

याला पुरावा लागतो, कारण मुली हुशार असतात, नुसत्या समजुतीने मानत नाहीत. मी त्यांना अमेरिकेतल्या मिनेसोटाचा उपासमारीचा प्रयोग सांगते. १९४४-४५ साली ॲन्सेल कीझ यांनी ३६ निरोगी तरुण पुरुषांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. तेही स्वतःहून तयार झालेले. ते दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृती वाचत बसू लागले, चिडचिडे झाले, आणि पुन्हा हवं तेवढं मिळायला लागल्यावर त्यांच्यातल्या काहींचं खाणं आवरेना. त्यांना लहानपणी कुणी जाड्या म्हणून चिडवलं म्हणून हे झालं नाही. उपाशी शरीर असंच वागतं. हे ऐकल्यावर खोलीत जी शांतता होते, ती मला पाच सेशन्सच्या रडण्यापेक्षा मोलाची वाटते.

ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून जी पद्धत बसवली (सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणारी थेरपी), तिचा कणा हाच आहे. 'उलटी बंद कर' असं पहिल्या दिवशी म्हणायचं नाही. दिवसाला तीन जेवणं आणि दोन-तीन छोटी खाणी, दोन खाण्यांत तीन-चार तासांहून जास्त अंतर नाही, भूक असो वा नसो, आदल्या रात्री काहीही झालेलं असो. काय खायचं यावर पहिले काही आठवडे मी वाद घालत नाही. कधी खायचं यावर मात्र घालते.

पुस्तक इंग्लंडचं आहे, लोकल आपली आहे, म्हणून हा भाग तिच्याबरोबर बसून घड्याळ आणि गाडी समोर ठेवून ठरवा. कळव्याहून सकाळची गाडी पकडताना तिला बसायला सोडा, हात वर काढायला जागा मिळत नसेल. म्हणजे सकाळचं खाणं घरी किंवा विक्रोळीला उतरल्यावर. दुपारचा डबा पोळ्यांसकट. मग संध्याकाळी पाच-साडेपाचचं खाणं, जे मी सगळ्यांत जास्त चिकाटीने लावून धरते: पर्समध्ये केळं, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाणे-गूळ, चिक्की, काहीही. साडेपाचला पोटात काही पडलेलं असेल तर नऊला घरी पोचणारी मुलगी वेगळी असते. पहिला आठवडा तिला वाटेल की आपण फुगतोय. पोट खरंच जड वाटतं, ते मान्य करा, 'तुझा भ्रम आहे' म्हणू नका.

वजनाची भीती बोलून जात नाही, वजनकाट्यावर जाते. माझ्या खोलीत काटा आहे. आठवड्यातून एकदाच, इथेच, दोघींनी मिळून बघायचं, घरी नाही. घरात काटा असेल तर तो कपाटात किंवा मावशीकडे. आधी तिला अंदाज लिहायला लावते. एकीने पहिल्यांदा लिहिलं होतं, 'दोन किलो वाढणार.' तिने चप्पल काढली, कानातलेही काढले, डोळे मिटून उभी राहिली. काही ग्रॅम वर. पुढच्या आठवड्यात काही ग्रॅम खाली. चार आठवड्यांनी त्या आलेखाकडे बघत ती बराच वेळ काही बोलली नाही. या उपचारात सरासरीने वजन फारसं बदलत नाही, हे मी सांगते. पण 'तुझं मुळीच वाढणार नाही' असं वचन कुणालाही देत नाही. फार कमी वजनावर आलेल्या मुलीचं वाढायलाच हवं असतं. याच टप्प्यावर हेही सांगून टाकते की उलटीने खाल्लेलं सगळं बाहेर पडत नाही, आणि जुलाबाच्या गोळ्या काम करतात मोठ्या आतड्यात, तिथवर अन्नातलं बहुतेक सगळं शोषून झालेलं असतं. काट्यावर कमी दिसतं ते पाणी.

आता २० सेशन्सचा प्रश्न. तुमची खरी अडचण सेशन्सच्या संख्येची नाही, अंतराची आहे. मूळ पद्धतीत पहिला महिना आठवड्यातून दोनदा भेट असते. कारण सवय मोडायची तर दोन भेटींमध्ये चौदा रात्री असून चालत नाही. पण एकूण कमी सेशन्सची सोय आता चांगल्या पुराव्यानिशी झाली आहे. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना देणाऱ्या इंग्लंडच्या नाइस संस्थेने २०१७ साली प्रौढांच्या बुलिमियासाठी पहिली पायरी म्हणून मार्गदर्शनासह स्वयंसाहाय्य सुचवलं: चार ते नऊ छोट्या भेटी, प्रत्येकी २० मिनिटांच्या, १६ आठवड्यांत, सुरुवातीला दर आठवड्याला. त्याने चार आठवड्यांत फरक पडला नाही तर पूर्ण सीबीटी. शेफिल्डचे ग्लेन वॉलर यांनी दहा सेशन्सची आवृत्तीही बसवली आहे. मी काय करते सांगते: पहिले चार आठवडे, आठवड्यातून एकदा समोरासमोर आणि एकदा २० मिनिटांचा व्हिडिओ कॉल, फक्त डायरीवर. फी तेवढ्या वेळाचीच. घरी एकांत नसेल तर ती ऑफिसच्या जिन्यात किंवा सोसायटीच्या गच्चीवरून बोलते. मग आठवड्याला एक, शेवटी पंधरा दिवसांनी. तिला पंधरा दिवसांतून एकदाच जमतं, हे तिने तुम्हाला सांगितलं तेव्हा पहिले चार आठवडे किती महत्त्वाचे आहेत हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. पुन्हा विचारून बघा.

ते महत्त्वाचे का, याचा आकडाही आहे. स्टुअर्ट ॲग्रस आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं, की सहाव्या सेशनपर्यंत उलट्या ७० टक्क्यांनी कमी झाल्या नाहीत, तर सीबीटी पुढे लागू पडण्याची आशा बरीच कमी असते. म्हणून चौथ्या आठवड्याला मी पेशंटबरोबर डायरी उलगडून हिशेब करते. फरक नसेल तर 'अजून थोडं बघू' म्हणत राहत नाही. पद्धत बदलते, सायकियाट्रिस्टशी बोलते, दारू किंवा लपलेलं काही आहे का ते शोधते.

बालपणाचं काय? ते खोटं नाही. कोपनहेगनला २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी तरुण सहकाऱ्यांना नेहमी सांगते. ७० पेशंट. निम्म्यांना पाच महिन्यांत २० सेशन्सची सीबीटी, निम्म्यांना दोन वर्षं दर आठवड्याला मनोविश्लेषणात्मक थेरपी. पाच महिन्यांनी भरमसाट खाणं आणि उलट्या पूर्ण थांबलेल्यांचं प्रमाण सीबीटीत ४२ टक्के, दुसरीकडे ६. दोन वर्षांनी ४४ आणि १५. म्हणजे दोन वर्षं मनापासून बोलूनही बहुतेकांच्या उलट्या चालूच राहिल्या. पण याच चित्राची दुसरी बाजू ॲग्रस यांच्याच २२० पेशंटच्या अभ्यासात आहे. नातेसंबंधांवर शिस्तीने काम करणारी आंतरव्यक्ती थेरपी उपचार संपताना सीबीटीच्या फार मागे होती, २९ टक्क्यांसमोर ६. वर्षभराने मात्र ठळक फरक उरला नव्हता. म्हणून नाती बिनमहत्त्वाची आहेत असं मी म्हणत नाही. माझं मत असं, की आठ-दहा आठवड्यांत खाणं रुळावर आलं की उरलेल्या रात्री कोणत्या, ते आपोआप दिसू लागतं. मुलगा बघायला येऊन गेल्याची रात्र. बॉस ओरडल्याची रात्र. वडील पिऊन आल्याची रात्र. तेव्हा आईविषयी बोलणं म्हणजे नेमक्या त्या रात्रीविषयी बोलणं होतं आणि त्याचा उपयोग होतो. उपाशी माणसाशी बालपण बोललं की जुनं दुःख वर येतं आणि ते रात्री ओट्यापाशी जातं. तुमच्या पेशंटच्या उलट्या वाढल्या त्या बहुधा याच वाटेने.

उपवासावर थोडं जास्त लिहावं लागेल, कारण परदेशी पुस्तकांत ते सापडणार नाही. १९८९ साली किंग आणि भुग्रा यांनी उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींना खाण्याच्या विकारांची एक ठरलेली प्रश्नावली दिली, तेव्हा काही प्रश्नांचा अर्थच वेगळा लागल्याचं लक्षात आलं. खाणं टाळणं, उपास करणं, याचा आपल्याकडे दुसराही अर्थ असतो. त्यामुळे प्रत्येक संकष्टी म्हणजे आजार नव्हे. पण उलटही खरं आहे. माझ्याकडची एक मुलगी सोमवार, गुरुवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या आणि नवरात्राचे नऊ दिवस धरत होती. घरात तिचं कौतुक व्हायचं. आजाराला याहून चांगला आडोसा कुठला? मी विचारते, 'हा उपवास आजाराच्या आधीपासून होता का? वजनावर परिणाम होणार नाही असं कळलं तर कराल का?' उत्तर द्यायला ती किती वेळ घेते, त्यात बरंचसं उत्तर असतं. मी कुणालाही व्रत सोड म्हणत नाही, तो माझा अधिकार नाही. पण आजारी माणसाने उपवास केलाच पाहिजे असं आपल्या घरातल्या मोठ्या बायकाही म्हणत नाहीत. त्या त्याला मोकळीक देतात, आणि हे त्या मुलीच्या आजीकडूनच आलं तर माझ्यापेक्षा शंभर पटीने लागू पडतं. ज्यांना सोडवत नाही त्यांच्यासाठी उपवासाच्या पदार्थांचीच तीन-चार तासांनी खाण्याची वेळ ठरवतो. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ-आमटी, दूध, केळं. कडकडीत उपवास आणि संध्याकाळी सोडणं, हे मात्र बरं होईपर्यंत नाही.

आईला सांगायचं का? ती २४ वर्षांची आहे, तिच्या परवानगीशिवाय नाही. (१८च्या आतली असती तर गोष्ट वेगळी. तिथे आईवडील उपचाराचा भागच असतात, जेवणाची जबाबदारी काही काळ त्यांच्याकडे येते.) पण परवानगी मिळवण्यासाठी थोडे कष्ट घ्या, कारण दोन खोल्यांच्या घरात आईला कळलेलं नसतं असं नाही. रात्री बारा वाजता नळ इतका वेळ का चालू असतो, हे ती कधीपासून ऐकत असते. आई आलीच तर मी तिला तीनच गोष्टी सांगते. बाथरूमच्या दाराशी उभं राहायचं नाही. फरसाणाच्या डब्याला कुलूप नाही. आणि 'बारीक झालीस', 'जाड झालीस', दोन्ही बंद, पाहुण्यांनाही बंद. मग विचारते, जेवणानंतरचा अर्धा-पाऊण तास तुम्ही दोघी बाहेरच्या खोलीत एकत्र बसू शकाल का? मालिका बघा, भाजी निवडा. उलटीची उबळ बहुतेक वेळा ओसरते, तेवढा वेळ कुणीतरी शेजारी हवं असतं. एका आईने मला विचारलं होतं, 'आणि मी काही बोलायचं नाही?' मी म्हटलं, बोला ना, वजन आणि खाणं सोडून काहीही बोला. तिला विषयच सुचेना. पुढच्या वेळी सांगत आली की दोघी शेंगा सोलत गावच्या घराबद्दल बोलल्या.

पाय घसरतो. दिवाळीत घसरतो, लग्नसराईत घसरतो. आठवडाभर काही नाही आणि मग एक रात्र, की पेशंट म्हणते, 'सगळं पाण्यात गेलं.' तेव्हा तिला एकच विचारा: दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता केला का? केला असेल तर ती बरी होत चालली आहे. नसेल केला तर चुकलेला नाश्ता आधी दुरुस्त करायचा, ती रात्र नंतर.

तुमच्या पेशंटला पुढच्या भेटीत हे कसं सांगायचं, याची काळजी वाटत असेल. पाच सेशन्स फुकट गेली असं म्हणू नका, कारण तिने तुमच्यावर विश्वास टाकलाय तो त्याच सेशन्समध्ये. तिला म्हणा, 'आपण जे बोललो ते महत्त्वाचं आहे, त्याच्याकडे परत येऊ. पण तुझ्या दिवसाबद्दल मी विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही. आज तेच करू.' मग तिचा फोन मागा, नोट्स उघडायला लावा, आणि आजच्या सकाळपासून सुरुवात करा. संध्याकाळची वेळ असेल, ती विक्रोळीहून थेट आलेली असेल, बहुधा पोटात काही नसेल. तुमच्या टेबलावर बिस्किटं किंवा केळं ठेवा आणि सेशनच्या सुरुवातीलाच दोघी खा. माझ्या खोलीत त्यासाठी एक डबा कायम भरलेला असतो.

आणि रक्ताच्या तपासणीसाठी भेटीपर्यंत थांबू नका. उद्या सकाळीच फोन करा.